पिना मारलेल्या पुस्तकांच्या बाई

ऑनलाइन धंदा कसा करायचा हे मला ज्या बाईंनी शिकवलं, त्यांनी उभ्या आयुष्यात ऑनलाइन काही विकलं नव्हतं आणि विकतही घेतलं नव्हतं. विजेचं बिलसुद्धा त्या खिडकीपाशी रांगेत उभ्या राहून भरायच्या, कारण रांगेत वाचन होतं. हे आधी कळलं असतं तर मी गेलेच नसते. पण ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं, "अंधेरी ईस्टला एक बाई आहेत, वेब मार्केटिंग शिकवतात, फी घेत नाहीत." फुकट म्हटल्यावर पुढची चौकशी करायची आमच्याकडे पद्धत नाही.

बाई औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत ग्रंथपाल होत्या. एक दिवस कंपनीला साक्षात्कार झाला की ज्ञान आता संगणकात असतं, आणि वाचनालय बंद करून कॅन्टीन मोठं करण्यात आलं. हा अपमान बाईंना लागला. ज्या यंत्राने आपली खुर्ची खाल्ली ते नेमकं करतं काय, हे शोधायचं त्यांनी ठरवलं. शोधायची त्यांना एकच पद्धत ठाऊक होती, ती म्हणजे त्यावरची सगळी पुस्तकं वाचून काढणे. पुस्तकं आयतीच मिळाली. वरच्या मजल्यावरच्या साहेबलोकांनी इंटरनेटवरच्या व्यापाराची जाडजूड पुस्तकं कंपनीच्या खर्चाने मागवली होती आणि एकानेही ती उघडली नव्हती. वाचनालय बंद झाल्यावर कुणी रद्दीवालाही लवकर येईना, तेव्हा बाईंनी ती दोन रिक्षांत घालून घरी आणली.

त्या पुस्तकांचं त्यांनी काय केलं होतं ते पाहूनच मी पहिल्या दिवशी गार पडले. प्रत्येक पुस्तकाला जुन्या दिनदर्शिकेच्या पानाचं कव्हर, आणि आत निम्म्याहून जास्त पानं स्टेपलरच्या पिना मारून बंद. जुडीच्या जुडी.

"हे काय, बाई?"

"वाचू नयेत अशी पानं," त्या म्हणाल्या. "या विषयावरच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात लेखक गरीब असतो. गाडीत झोपतो, बायको सोडून जाते. दुसऱ्या प्रकरणात त्याला समुद्रकिनाऱ्यावर सत्य सापडतं. तिसऱ्यात तो आपल्या दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात करतो. चौथ्यापासून पुस्तक सुरू होतं. तुझा वेळ वाचावा म्हणून मी सोय केली आहे."

आम्ही वेसाव्याचे कोळी, पिढ्यानपिढ्या समुद्रकिनाऱ्यावर राहतो. आम्हाला तिथे प्लास्टिकच्या पिशव्या सापडतात. पण हे मी बोलले नाही, कारण मला गरज होती.

गरज आईची होती. लग्न होऊन आली तेव्हापासून आई अंधेरीच्या बाजारात सुकी मासळी विकायची. बोंबील, जवळा, सोडे. स्वतः बांबूच्या मांडवावर वाळवलेली, स्वतः निवडलेली. तिची हाक बाजाराच्या या टोकाला उठली की त्या टोकाच्या भाजीवाल्याला कळायचं की आज हिने कुणाला तरी धारेवर धरलंय. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, पाटी उचलायची नाही आणि खाली बसायचंही नाही. आई घरी बसली आणि बोलायचीच बंद झाली. टीव्हीपुढे बसायची, आवाज बंद करून. माळ्यावर हिवाळ्यात वाळवलेला माल तसाच पडून. लोक मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करतात, तेव्हाच तो जायचा, नाहीतर पुढे दमट हवेत त्याची वाट लागायची. मालाचं एक वेळ सोडा. आई एकदा म्हणाली, "आता माजं काय काम ऱ्हायलं?" पावसाळ्याच्या आत आईचं दुकान नेटवर उभं करायचं आणि तिला परत धंद्याला लावायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "शेवटचं पुस्तक कधी वाचलंस?"

"बारावीला."

"मग घाई आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात जे पुस्तक ठेवलं ते टपालाने माल विकण्याबद्दलचं होतं. टपालाने! मी म्हटलं, "बाई, मला वेबसाइट काढायची आहे." त्या म्हणाल्या, "न पाहिलेल्या माणसाला न दिसणारी वस्तू कशी विकायची, हाच प्रश्न आहे ना? तो आधी पोस्टाने सोडवला. ऑनलाइन हा शब्द विसर. आधी विकणं वाच, मग लिहिणं वाच, मग मोजणं वाच. संगणकाचं पुस्तक शेवटी."

संगणक त्यांच्याकडे होता. त्याच्यावर क्रोशाचं झाकण होतं आणि त्याला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावे लागत. चार आठवडे मला झाकणच दिसलं. एक पुस्तक वाचून व्हायचं, मग तोंडी परीक्षा, मगच दुसरं. परीक्षेच्या वेळी बाई स्वतः उभ्या राहायच्या आणि मी खुर्चीत. बसून परीक्षा घेतली की परीक्षक झोपतो, असं त्यांचं निरीक्षण होतं.

पुस्तकांचे त्यांनी चार कप्पे केले होते. पहिला 'वाचावी'. दुसरा 'चाळावी'. तिसरा 'लेखकाच्या आईने वाचावी'. चौथा 'कागद चांगला'. तिसरा कप्पा सगळ्यांत मोठा होता. मुखपृष्ठावर लेखक हाताची घडी घालून उभा असला की पुस्तक थेट तिथे. शीर्षकात पायऱ्यांचा आकडा असला तरी तिथेच. आणि पुस्तक हातात घेतलं की बाई आधी शेवट उघडायच्या, सूची आहे का बघायला. "ज्याला सूची नाही," त्या म्हणायच्या, "त्या लेखकाला आपण काय लिहिलं ते पुन्हा कुणाला सापडू नये असं वाटत असतं."

एकदा त्यांनी मला सर्च इंजिनांवरचं एक पुस्तक दिलं. त्यातल्या निम्म्या कंपन्या मी लहान असतानाच बुडाल्या होत्या. मी तक्रार केली. "मग?" बाई म्हणाल्या. "मेलेल्या माणसांची चरित्रं वाचतो ना आपण? का मेली ते कळतं." मला वादात जिंकायची सवय आहे, ती बाईंच्या घरात मी चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचे.

खरं सांगायचं तर पाचव्या आठवड्यात मी कंटाळले. मे तोंडावर आला होता. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, विमानतळाजवळच्या हॉटेलात एक मोठा माणूस येतोय, तीन तासांत ऑनलाइन धंदा शिकवतो. मी बाईंना टाळून जाणार होते, पण तोंडातून निघालंच. वाटलं, आता ऐकवतील. त्या म्हणाल्या, "चल. त्याने कुठली पुस्तकं वाचलीत ते विचारू."

हॉटेलात एसी इतका होता की बाईंनी पदर डोक्यावरून घेतला. मोठा माणूस वयाने लहानच निघाला. कानाला माइक लावून तो स्टेजवर इकडून तिकडे पळत होता आणि आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावत होता. शेजारचा गृहस्थ इतक्या जोरात ओरडला, "येस!" की त्याच्या हातातला समोसा माझ्या ओढणीवर आला. शेवटी स्टेजवरच्या माणसाने प्रश्न विचारायला सांगितलं. बाईंनी हात वर केला आणि माइक घेतला.

"तुम्ही विकायला शिकवता. हा कोर्स विकण्याआधी काय विकत होतात?"

तो हसला. "मॅम, मैं ट्रान्सफॉर्मेशन बेचता हूँ."

"किलोवर देता की नगावर?"

हॉलमध्ये आधी कुणाला कळेना, मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा हॉल हसला. तो माणूस चांगलाच सावरला, म्हणाला, आँटीजींसाठी टाळ्या. बाईंनी त्या टाळ्या स्वीकारल्या, माइक परत दिला आणि जाताना त्याची चकचकीत माहितीपत्रकं पिशवी भरून घेतली. "कव्हरं घालायला कागद उत्तम आहे," त्या रिक्षात म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या सेमिनारमधले तिघेजण बाईंच्या दारात वाचनाची यादी मागायला उभे होते. त्यांना बाईंनी हात धुवायला पाठवलं.

या प्रकारानंतर मी पळून जायचा नाद सोडला आणि क्रोशाचं झाकण एकदाचं निघालं. वेबसाइट झाली. साधी, पांढरी, तीन मालांची. फोटो मी काढले. माहिती लिहायची परीक्षा माझी होती. मी लिहिलं, 'चविष्ट, पौष्टिक आणि ताजे सुके बोंबील'.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "ताजे सुके?"

"म्हणजे... चांगले."

"चव कशी असते?"

"बाई, आता बोंबलाची चव कशी सांगू? बोंबलासारखी!"

"मी जन्मभर शाकाहारी आहे. मला वाचून कळलं पाहिजे. परत लिही."

असं मी किती वेळा लिहिलं ते विचारू नका. शेवटी रडकुंडीला येऊन मी आई बाजारात कशी सांगायची तेच जसंच्या तसं लिहिलं. तव्यावर कोरडे भाजायचे, कुडुम आवाज आला की उतरवायचे, वर कांदा, तिखट, कच्चं तेल. बाईंनी वाचलं. थोड्या वेळाने उठून पाणी प्यायल्या, एवढंच.

आता प्रश्न राहिला गिऱ्हाइकांचा. पुस्तकांत लिहिलं होतं की ज्यांच्याशी तुमचं आधीपासून नातं आहे अशांना पत्र पाठवा. माझं नातं ऑफिसातल्या दहा जणांशी, त्यांतले सहा जण जैन. बाई म्हणाल्या, "माझे वाचक आहेत."

वाचनालय बंद झालं तरी तिथले जुने सभासद बाईंनी सोडले नव्हते. दर महिन्याला त्या सगळ्यांना ईमेल करायच्या, काय वाचलं, काय वाचू नये. सगळे निवृत्त, कुणी मुलुंडला, कुणी घाटकोपरला, कुणी बोरिवलीला, आणि सगळे झाडून उत्तर द्यायचे. ज्या गोष्टीला पुस्तकात चाळीस पानं खर्ची पडली होती, ती बाई कित्येक वर्षं करत होत्या आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मी तसं म्हटलं तर रागावल्या. "तो पत्रव्यवहार आहे. मार्केटिंग वेगळं."

"पण यांतलं मासे कोण खातं, हे कसं कळणार?"

बाई पहिल्यांदाच माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या. "अगं, मी ग्रंथपाल होते. पुस्तकं परत माझ्याच हातात यायची."

आणि मग त्यांनी सुरू केलं. मुलुंडचे हिशेबनीस, त्यांचं प्रत्येक पुस्तक माशाच्या कालवणाच्या पिवळ्या अंगठ्यासकट परत यायचं. घाटकोपरच्या टायपिस्ट बाई, त्यांच्या कादंबऱ्यांना सुकटीचा वास, इतका की ते पुस्तक दोन दिवस खिडकीत ठेवावं लागे. बोरिवलीच्या एका इंजिनिअरने तर खुणेसाठी पापलेटचा काटा घातला होता, त्याला बाईंनी लेखी ताकीद दिली होती. ज्या डागांसाठी त्यांनी नोकरीभर माणसांना झापलं, त्या डागांवरून त्या आता आमची गिऱ्हाइकं निवडत होत्या. एकाही माणसात चुकल्या नाहीत, हे मला पुढे कळलं.

पत्र त्यांनी स्वतःच लिहिलं, कारण माझ्यावर भरवसा नव्हता. विषयाची ओळ वाचणाऱ्याला एकट्याला उद्देशून असावी, असं पुस्तकात होतं. बाईंनी लिहिलं, 'तुमच्या पुस्तकावरचा डाग मला अजून आठवतो.' खाली लिहिलं होतं, त्या वेळी मी रागावले होते. डाग ज्याचा होता तो पदार्थ आता घरपोच मिळतो. मग मी लिहिलेलं बोंबलाचं वर्णन, आई आणि वेसावे यांच्याबद्दल दोन ओळी, आणि आईचा फोन नंबर, तोही मी हट्टाने घालायला लावला म्हणून. पुस्तकात फोन नव्हता. पुस्तकात बटण होतं.

पुस्तकात आणखी एक गोष्ट होती. पत्र मंगळवारी सकाळी दहाला पाठवावं.

"बाई, बुधवारी पाठवूया ना. मंगळवारी लोक खात नाहीत."

"पुस्तकात बुधवार नाही."

"पण पुस्तक अमेरिकेतलं आहे!"

"मग तिथे काय मंगळवार नसतो?"

त्यांनी आपोआप जाणारं पत्र तिथल्या तिथे पुढच्या मंगळवारी लावून टाकलं. पासवर्ड त्यांच्याकडे. आणि भिंतीवर दिनदर्शिका नाही, कारण यंदाचीही पुस्तकांच्या अंगावर गेलेली.

मंगळवारी मी मुद्दाम रजा घेतली. सकाळी आईने माझ्यापुढे बशी ठेवली, तीत साबुदाण्याची खिचडी.

"हे काय, आये?"

"अंगारकी हाय आज. ठाव नाय तुना?"

अंगारकी! वर्षातून एखाद-दोनदा येणारी, अख्खी मुंबई उपाशी राहून सिद्धिविनायकाला रांग लावते ती. आणि आम्ही त्याच सकाळी, देवपूजा करून बसलेल्या निवृत्त माणसांच्या घरात बोंबील घेऊन शिरणार. मी बाईंना फोन लावला. सकाळी आठ ते बारा त्यांची वाचनाची वेळ, तेव्हा त्या फोन काढून ठेवायच्या. मी तरी लावत राहिले. घड्याळात दहा वाजले. मी डोक्याला हात लावून बसले आणि आईला सगळं सांगून टाकलं. ती नुसती खुर्चीत, स्टुलावर पाय ताणून बसली होती.

मग तिचा फोन वाजला.

स्पीकर लावून मी तिच्या हातात दिला. पलीकडे मुलुंडचे हिशेबनीस. "अहो, आज अंगारकी आहे, काही लाज? माझ्यापुढे साबुदाणा आहे आणि बाईंनी तव्यावरच्या बोंबलाचं वर्णन पाठवलंय! मी ते दोनदा वाचलं! पाप लागेल मला!"

मी क्षमा मागायला तोंड उघडलं. आई माझ्या आधी बोलली.

"पाप लागलं तं मना लागल, दादा. तुमी किती घेताव ते बोला."

हिशेबनिसांनी घसा खाकरला. मग एकदम खालचा आवाज. "सोडे आहेत का? उद्या सकाळी पोचतील? उद्या बुधवार आहे."

"पोचतील. पन त्या साइटवरचा भाव हाय ना, तो खालचा हाय. पोरीनं चुकून लिवला."

"वा! मी तर कमी करून घ्यायला फोन केला होता!"

"कमी? अवो, हे सोडे बघून बोला तुमी..."

आणि सुरू झालं. किती महिन्यांनी तो आवाज घरात घुमला. शेजारची काकू काय झालं बघायला दारात आली. हिशेबनीस ठेवतात न ठेवतात तोच घाटकोपर, मग बोरिवली. उपाशी माणसांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं पत्र मिळालं होतं. प्रत्येक जण आधी अंगारकीवरून रागवायचा आणि मग उद्या सकाळचं विचारायचा. माझा मामेभाऊ रिक्षा चालवतो, त्याला मी निरोप पाठवला. मग स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून भरपूर रडले. आनंदाने रडू येतं हे मला तोवर खोटं वाटायचं.

बारा वाजून गेल्यावर बाईंचा फोन आला.

"साइटवरून किती ऑर्डर आल्या?"

"साइटवरून? एकही नाही. सगळे फोन करतायत."

"बटण कुणीच दाबलं नाही?"

"नाही, बाई. त्यांना भाव करायचा असतो. पण माळ्यावरचा निम्मा माल गेला!"

"ते निराळं. बटण दाबलं गेलं नाही म्हणजे पुस्तकाप्रमाणे प्रयोग फसला." कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. "तू नापास. आणि अंगारकीला पत्र गेलं, ती चूक माझी, तिचे मी माझे गुण कापलेत. परत टपालापासून सुरुवात कर."

माझं डोकं फिरलं. मी काही बोलणार, इतक्यात बाईच म्हणाल्या, "हे मागे कोण ओरडतंय?"

"आई. भाव करतेय. पापलेटचा काटा घालणारे बोरिवलीचे साहेब आहेत."

"जिंकतोय कोण?"

"आईच."

बाईंनी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "फोन जरा त्यांच्याजवळ नेऊन ठेव गं. बंद करू नकोस."

मी फोन नेऊन आईच्या स्टुलावर, तिच्या पायाशी ठेवला. बराच वेळ झाला, बोरिवलीचे साहेब हरून गेले, दुसरं गिऱ्हाईक आलं, तेही हरलं. मला वाटलं बाईंनी केव्हाच ठेवून दिला असेल. मी फोन उचलून हळूच म्हटलं, "बाई?"

"अगं थांब," त्या पलीकडून कुजबुजल्या, "त्यांचं पुरं होऊ दे."

आईचं चालूच होतं. समोरच्याने विचारलं, की पावसाळ्यात, पुढच्या वर्षी, नंतर कधी लागले तर मिळतील ना. आईने पदराने घाम पुसला, ताणलेला पाय जरा सरळ केला आणि अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "कवाबी फोन करा. मी हाय ना हितं."